भागवतांची न गेलेली नोकरी

निवेदक म्हणजे लेखक नव्हे.

हे वाक्य मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत फळ्यावर इतक्या वेळा लिहिलं, की झोपेत कुणी हातात खडू दिला असता तरी ते बिनचूक लिहिलं असतं. मुलांना ते पटकन कळायचं. मोठ्यांना कळावं म्हणून मात्र मला फार खटपट करावी लागली, आणि त्या खटपटीत एका सज्जन गृहस्थाची चांगली चालू असलेली नोकरी सगळ्या दिल्लीच्या मराठी लोकांनी घालवून टाकली. ती हकीकत सांगते.

मी दिल्लीत मराठी शिकवत असे. पुण्याला गेले की लोक विचारायचे, "दिल्लीत मराठी? कुणाला?" प्रश्न बरोबर होता. करोल बागेजवळच्या आमच्या शाळेत मराठी हा ऐच्छिक विषय होता आणि वर्ग एवढा लहान, की मुलं हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणायची तसदी घेत नसत. मी सगळ्यांना बघू शकते हे त्यांना माहीत होतं. आम्ही तेव्हा आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. मी तिथून बसनं यायची. मुलं कुठून कुठून यायची. घरी मराठी, बाहेर हिंदी, वह्यांमध्ये इंग्रजी. माझ्या तासाला या तिन्हींची भेळ व्हायची.

मी नववी-दहावीला कथा शिकवत असे. म्हणजे नुसती कथा वाचून ‘कठीण शब्दांचे अर्थ’ नव्हे, तर कथा बनते कशी ते. कथानक, पात्रं, वातावरण, संघर्ष, निवेदक. शब्द भारदस्त आहेत, पण आतला माल साधा आहे. कथानक समजावताना मी बसचं उदाहरण घ्यायची. ‘बस आली, मी चढले, करोल बागेला उतरले’ ही झाली दिनचर्या. ‘शेजारणीशी बोलत राहिले म्हणून बस चुकली, आणि त्याच बसमधून माझी पर्स घेऊन शेजारीण निघून गेली’ इथं कथानक सुरू होतं. ‘म्हणून’ आला की समजावं, गोष्ट चालायला लागली.

"मॅडम, वातावरण म्हणजे वेदर ना?" हा प्रश्न दर वर्षी यायचा.

"वेदर त्यात येतं. पण करोल बागेच्या गल्लीत घडलेली गोष्ट तुझ्या मयूर विहारच्या गच्चीवर नेऊन ठेवली, तर ती तशीच घडेल का?"

"बिल्कुल नाही. गच्चीला कुलूप असतं."

"झालं. हेच वातावरण."

संघर्ष म्हणजे मारामारीच, असं मुलांना वाटायचं. एकानं तर ‘मॅडम, फाइट नसली तर मार्क कापणार का?’ असं विचारलं होतं. मी म्हणाले, सकाळी पाण्याची मोटर आधी कोणी लावायची यावरून तुमच्या जिन्यात जे चालतं, त्यात कुणी कुणाला हात लावतो का? नाही ना? तरी संघर्ष आहेच. त्यावर निम्म्या वर्गानं मोटरवर गोष्टी लिहून आणल्या. दिल्लीच्या त्या वर्षांचा तो बऱ्यापैकी खरा इतिहास होता.

निवेदकापाशी आलो की माझा आवडता खेळ सुरू व्हायचा. बसचा अपघात एकच. तो कंडक्टरनं सांगायचा, मग ज्याचा पाय तुडवला गेला त्यानं, मग ज्याची ती बस चुकली त्यानं. मुलं हसून लोळायची. मग मी गृहपाठ द्यायची: ‘मी’ वापरून गोष्ट लिहा. अट एवढीच, की तो ‘मी’ तुम्ही नसावात.

त्या वर्षी बहुतेकांनी जुन्या सवयीनं वस्तूंना बोलतं केलं. मी कूलर बोलतोय, मी फाटकं दप्तर बोलतंय. केतकी भागवतनं मात्र एका मुलीची गोष्ट लिहिली.

केतकी मयूर विहारला राहायची. शांत मुलगी, वाक्याच्या मध्येच एखादा मराठी शब्द सापडेनासा झाला की थांबून पंख्याकडे बघायची आणि तो सापडेपर्यंत पुढे जायची नाही. बाकीची मुलं तिथं सरळ हिंदी घुसवून मोकळी होत. तिच्या गोष्टीतली मुलगी सांगते, की माझे बाबा रोज सकाळी टाय लावून, डबा घेऊन ऑफिसला जातात. पण ऑफिस बंद पडलंय. त्यांनी घरी कुणाला सांगितलेलं नाही. ते दिवसभर बागेत बसतात आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळी परत येतात. मुलीला हे कळतं ते डब्यावरून. ती वाक्यं मला अजून पाठ आहेत: ‘पूर्वी बाबांचा डबा परत यायचा तेव्हा त्याला दुसऱ्यांच्या घरांचा वास असायचा. मल्होत्रा अंकलच्या राजम्याचा, नायर अंकलच्या सांबाराचा. आता फक्त आमच्याच घराचा येतो.’ मुलगी कुणाला काही बोलत नाही. आईला एवढंच सांगते, की बाबांच्या ऑफिसात एक नवीन मित्र आलाय, त्याच्यापुरत्या दोन पोळ्या जास्त घाल. गोष्ट तिथं संपते.

मी ती स्टाफरूममध्ये वाचली आणि चहा प्यायला विसरले.

"हे कुठून सुचलं?" मी तिला विचारलं.

"असंच, मॅडम. बाबा जेवताना म्हणतात ना, हे बंद झालं, ते बंद झालं. मग मी विचार केला, आमचं बंद झालं तर बाबा सांगतील का?"

ते दिवसच तसे होते. पेपरच्या एका पानावर नव्या परदेशी कंपन्यांच्या मोठमोठ्या जाहिराती, आणि आतल्या पानावर कुठला जुना कारखाना बंद पडल्याची बातमी. गुडगावला शेतांमध्ये काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. कुणाचा पगार एकदम वाढायचा, कुणाला एकदम घरी बसावं लागायचं, आणि दोघंही एकाच जिन्यात राहायचे.

आमच्या मराठी मंडळाची स्मरणिका गणपतीत निघे. मी केतकीला विचारून तिची गोष्ट पाठवली. छापून आली: ‘बाबांचा डबा’, केतकी भागवत, इयत्ता नववी.

यानंतर जे झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. सर्वांत आधी मंडळातल्या गोडबोले काकू भागवतांच्या घरी बेसनाचे लाडू घेऊन गेल्या आणि केतकीच्या आईचा हात हातात धरून काही न बोलता बसल्या. केतकीच्या आईला वाटलं, यांच्याच घरी काहीतरी झालंय. तिनंच त्यांचं सांत्वन केलं. मग मंडळाच्या कार्यवाहांचा फोन आला, यंदा वर्गणी राहू द्या. मग एका गृहस्थांनी आपल्या मेव्हण्याच्या कारखान्यात जागा आहे असं सांगितलं. सोसायटीचे सेक्रेटरी खन्ना, ज्यांना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, त्यांनी लिफ्टमध्ये भागवतांच्या खांद्यावर हात ठेवला. "भागवत साब, टेन्शन नहीं लेना. हम सब हैं."

भागवत एका खासगी कंपनीत खरेदी विभागाचे मॅनेजर होते, आणि नोकरी उत्तम चालू होती. हे ते जीव तोडून सांगू लागले. पण गोष्टीतल्या बाबांचीही नोकरी सगळ्यांच्या दृष्टीनं चालूच होती! भागवत रोज सकाळी टाय लावून, हातात डबा घेऊन खाली उतरत, आणि बाल्कन्यांमधून लोक त्यांच्याकडे हळहळून बघत. त्याच महिन्यात त्यांनी नवी गाडी घेतली. लोक म्हणाले, बिचारा, कंपनीनं निघताना दिलेले पैसे असे उडवतोय.

एक दिवस मधल्या सुट्टीत ते शाळेत आले. उंच, नीटनेटके, आणि रागानं लाल झालेले.

"मॅडम, मी आज अर्धी रजा टाकून आलोय. कुठून? ऑफिसातून! जे चालू आहे!"

"बसा ना, भागवत साहेब."

"बसायला वेळ नाही. तुम्ही मुलीकडून हे काय लिहून घेतलंत?"

"ती गोष्ट आहे. त्यातली ‘मी’ केतकी नाही. आम्ही वर्गात निवेदक शिकत होतो—"

"मला निवेदक नको. काल माझ्या सासऱ्यांचा नागपूरहून फोन आला, स्मरणिका आम्हीच त्यांना पाठवली होती. म्हणाले, जावईबापू, लाजू नका, परत या, इथं काहीतरी बघू." ते शेवटी बसले. "मी त्यांना म्हटलं नोकरी आहे. ते म्हणाले, हो हो, आम्ही वाचलंय."

मला हसू आवरेना, आणि ते मला फार महागात पडलं. ते उठून उभे राहिले. "ठीक आहे. मंडळाला सांगून खुलासा करा. आणि केतकी पुढच्या आठवड्यापासून संस्कृत घेईल. मार्क तरी मिळतील, आणि लोक लाडू आणणार नाहीत."

आता माझं हसू पार गेलं. वर्ग आधीच लहान. आणखी एक मूल गेलं तर मराठी बंद करावी लागेल, असं नव्या प्रिन्सिपल मॅडमनी मला स्पष्ट बजावलं होतं. आणि ते बाजूला ठेवलं तरी, केतकीसारखी मुलगी शिक्षकाच्या वाट्याला रोज येत नाही.

गणपती होऊन गेले होते. मंडळाचा कोजागरीआधीचा एक कार्यक्रम रविवारी दुपारी होता. मी कार्यवाहांकडून थोडा वेळ मागून घेतला आणि व्यासपीठावर गेले. मुलांना शिकवते तसंच शिकवलं. बसचा अपघात, कंडक्टर, तुडवलेला पाय, सगळं. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. मग मी म्हणाले, तेव्हा केतकीच्या गोष्टीतले बाबा हे पात्र आहे. आपल्या भागवत साहेबांची नोकरी शाबूत आहे.

सभागृहात लोकांनी एकमेकांकडे बघून माना खाली घातल्या. खाली उतरले तशा गोडबोले काकू पुढे आल्या आणि माझा दंड दाबून हळूच म्हणाल्या, "शैला, छान सांभाळून घेतलंस हो. आता कुणी विषय काढणार नाही."

"अहो काकू, पण खरंच आहे त्यांची नोकरी."

"आहे ना! आहेच. आपण असंच म्हणायचं."

मी कपाळाला हात लावून एका खुर्चीवर बसले. लोक चहाकडे वळले. तेव्हा साळवे माझ्याजवळ आले.

डेव्हिड साळवे मूळचे अहमदनगरचे. मंडळाच्या नाटकांना प्रकाशयोजना तेच करत. एरवी ओखल्याच्या एका कंपनीत स्टोअर्स बघत. मितभाषी माणूस, नाटक पडलं तरी ‘लाइट छान होते’ असं सगळे म्हणत, आणि ते खाली बघून वायर गुंडाळत राहत. आत्ताही हातात वायरचं वेटोळं होतं.

"मॅडम, त्या मुलीला हे कोणी सांगितलं?"

"कुणी नाही. तिनं मनानं लिहिलंय. मी आत्ता तेच सांगत होते, साळवे."

"हो, ऐकलं मी." ते शेजारच्या खुर्चीवर बसले. "पण मी बागेत नाही बसत. बागेत लांबून दिसतं माणूस. मी निजामुद्दीन स्टेशनवर बसतो. हातात बॅग असली की स्टेशनवर कुणी विचारत नाही, तुम्ही इथे का."

ते काय म्हणतायत हे मला कळायला एक क्षण लागला. मग मी इकडेतिकडे बघितलं. आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांचं लक्ष भागवतांच्या रिकाम्या खुर्चीकडे होतं.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यात बंद झाली कंपनी. रूथला सांगणार होतो. रोज सांगणार होतो." रूथ त्यांची बायको. "डब्याचं त्या पोरीनं अगदी बरोबर लिहिलंय. पण मला दुसरंच विचारायचंय. स्मरणिका घरी आल्यापासून रूथ माझ्या डब्यात दोन पोळ्या जास्त घालते. मी म्हटलं, एवढ्या कशाला? तर म्हणाली, असू देत, कुणी मित्र असला बरोबर तर. मॅडम, त्या मुलीनं रूथला काही सांगितलं असेल का?"

शिक्षकाला प्रश्नांची सवय असते. पण असा प्रश्न मला आधी कुणी विचारला नव्हता, नंतरही नाही.

"केतकी तुम्हाला ओळखतसुद्धा नाही," मी म्हणाले. "रूथनं गोष्ट वाचली. बाकीचं तिचं तिला आधीच कळलं असणार."

त्यांनी वायरचं वेटोळं सोडलं, परत घातलं.

"म्हणजे ती वाट बघतेय."

"मला तसं वाटतं. तुम्ही आता घरी जा, साळवे. लाइट मी कुणाला तरी काढायला सांगते."

"नाही नाही, ते लोक बल्ब फोडतील," असं म्हणून त्यांनी आधी सगळे लाइट उतरवले, खोक्यात भरले, आणि मगच गेले. मी हे कुणाला सांगू नये, असंही जाता जाता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बस बदलून मयूर विहारला गेले. भागवतांनी दार उघडलं, मला बघून त्यांचा चेहरा पडला. पण केतकीच्या आईनं आत बोलावून पोहे पुढे ठेवले. केतकी शेजारच्या खोलीत अभ्यास करत असल्याचं दाखवत होती.

"खुलासा केला मी," मी म्हणाले. "उपयोग झाला नाही."

"कळलं. आज आणखी एका नोकरीची ऑफर आलीय. गुडगावला, नवीन कंपनी, स्टोअर्स आणि मेन्टेनन्स. माणूस मागेच लागलाय, उद्याच्या उद्या या म्हणतोय. माझ्याकडे आता तीन नोकऱ्या पडून आहेत, मॅडम. चौथी मी स्वतः करतोय."

स्टोअर्स हा शब्द ऐकला आणि मी चमचा खाली ठेवला.

"भागवत साहेब, केतकीची गोष्ट खोटी आहे, हे तुम्हाला माहीत आहे. पण ती एका माणसाच्या बाबतीत खरी निघालीय. नाव मी सांगू शकत नाही. अगदी तसंच झालंय, डब्यासकट. आणि तो माणूस स्टोअर्सच बघायचा."

त्यांचा राग उतरताना मला दिसला. ते खिडकीपाशी गेले, पाठमोरे उभे राहिले. बोलले तेव्हा आवाज वेगळाच होता.

"मॅडम, आमच्या कंपनीला एक परदेशी कंपनी विकत घेतेय. खरेदी विभाग ठेवतील की नाही, कुणालाच माहीत नाही. मी घरी अजून बोललो नव्हतो."

केतकीच्या आईनं हातातली बशी तशीच धरून ठेवली. शेजारच्या खोलीतला पानं उलटण्याचा आवाज थांबला.

"मग आता बोललात ना," ती म्हणाली. एवढंच.

भागवत टेलिफोनपाशी गेले, डायरी उघडली आणि गुडगावच्या माणसाचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून मला दिला. "तुमच्या त्या गृहस्थांना सांगा, माझं नाव घ्या. म्हणावं, भागवतांना जमत नाहीये, त्यांनी मला पाठवलंय. नाहीतरी सगळ्यांना वाटतंच की मला नोकरीची गरज आहे. एकदा तरी त्याचा उपयोग होऊ दे."

"आणि संस्कृत?"

शेजारच्या खोलीतून केतकी दारात येऊन उभी राहिली होती. भागवत तिच्याकडे बघत म्हणाले, "पुढची गोष्ट छापायच्या आधी मला दाखवायची."

"दाखवीन, बाबा. पण बदलणार नाही."

"अच्छा! हे पण तुम्हीच शिकवलंत का?" ते मला म्हणाले, पण हसत.

साळव्यांना ती नोकरी लागली. लगेच नाही, आधी तात्पुरतं घेतलं, मग कायम केलं. भागवतांचा विभागही बचावला. थोडी माणसं गेली, हे राहिले. गोडबोले काकू मात्र अखेरपर्यंत म्हणायच्या, की भागवतांची नोकरी गेली होती, पण पोरीच्या गोष्टीमुळे परत मिळाली. मी दुरुस्त करणं सोडून दिलं.

तो वर्ग आता नाही. केतकीची तुकडी गेल्यावर काही वर्षं मी तो कसाबसा चालवला. मग मुलांची घरं नोएडा आणि गुडगावला गेली, शाळा लांब पडू लागली, आणि एका एप्रिलमध्ये यादी आली त्यात मराठीला कुणीच नव्हतं. मला हिंदीचे तास दिले. तेही मी मन लावून शिकवले, पण पंख्याकडे बघत मराठी शब्दाची वाट पाहणारं मूल पुन्हा समोर बसलं नाही, याची हळहळ आहे.

केतकीची गोष्ट छापून आली त्या वर्षीच्या हिवाळ्यात शाळेचं गॅदरिंग होतं. लाइट लावायला मी साळव्यांना बोलावलं. शनिवार होता, त्यांना सुट्टी होती. काम उरकल्यावर ते म्हणाले, "ती मुलगी कुठली, मॅडम?" मी त्यांना वर्गात घेऊन गेले. केतकी बाकावर बसून नाटकाच्या मुकुटाला कागद चिकटवत होती. हे लाइटवाले काका, तुझी गोष्ट त्यांनी वाचलीय, एवढीच मी ओळख करून दिली.

साळवे तिच्यासमोरच्या बाकावर अवघडून बसले. "गोष्ट चांगली लिहिलीस. त्या बाबांना पुढे नोकरी मिळते का?"

"ते मी लिहिलं नाही, काका. गोष्ट दोन पोळ्यांवर संपते."

"मला वाटतं, मिळते."

"कशावरून?"

"वाटतं असं. गुडगावला."

केतकीनं मुकुट खाली ठेवला. ती गोष्टीबद्दल बोलायला लागली की फार गंभीर व्हायची. "पण काका, नोकरी मिळाल्यावर सांगितलं तर काय उपयोग? त्यांनी घरी त्याआधी सांगायला पाहिजे. सांगितलं का त्यांनी?"

साळव्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"सांगितलं," ते म्हणाले. "आधीच. एका रविवारी, चहा झाल्यावर. जरा रडले दोघं."

केतकी त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं, परत त्यांच्याकडे.  फक्त म्हणाली, "बरं झालं, काका," आणि डिंकाची बाटली त्यांच्यापुढे सरकवून मुकुटाची दुसरी बाजू त्यांना धरायला दिली.